तारे आणि तडे

“फादर, नटनट्यांच्या वागण्याचा विचार करता करता घरच्यांशी बोलायचेच राहून गेले,” पोलादपूरची एक तरुणी मला म्हणाली. दोष तिच्या एकटीचा नव्हे.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळून १६ जीव गेले. इमारत जुनी नव्हती. मग ती पडली का? हे विचारायचे सोडून आपण सुशांतसिंह राजपूत या नटाच्या १४ जूनच्या मृत्यूवर घरोघरी न्यायसभा भरवल्या आणि कधी न पाहिलेल्या माणसांना दोषी ठरवले. याला कुतूहल म्हणू नये, ही परनिंदाच!

नटांचा न्याय न्यायालय करील. शेजाऱ्याच्या भिंतीला गेलेला तडा मात्र आपल्यालाच दिसायला हवा.