अडगळीच्या डब्यातून अंतराळयान

पऱ्हाटीची लावण आटोपली आणि पावसाची झड लागली, की पोरे घरात बसून कंटाळतात. त्यांच्या हाताला लावण्याजोगा एक बिनखर्चाचा उद्योग या आठवड्यात देत आहोत.

घरोघरी एक अडगळीचा डबा असतो. सायकलची झिजलेली चेन, फुटका टॉर्च, बंद रेडिओचे सुटे भाग, पेनांची टोपणे. ‘पुढेमागे कामी येईल’ म्हणून ठेवलेले. ते आता कामी येणार आहे.

१९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट निघाला. पडद्यावर गावाएवढी दिसणारी त्यातली याने म्हणजे टेबलावर मावतील असे नमुने होते. कारागिरांनी रणगाडे, विमाने, जहाजे यांची खेळण्यांची किटे विकत आणली आणि त्यांतले सुटे भाग यानाच्या अंगावर दाटीने चिकटवले. मग सगळ्याला रंग दिला. रंग एक झाला, की कोणता तुकडा कुठला ते ओळखू येत नाही. आणि बारीक भागांची दाटी असली, की नजरेला वस्तू फार मोठी वाटते. एवढीच त्यातली मेख.

आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची किंमत दाखवली. पुण्याच्या टेल्को कारखान्यात इंजिनियर असताना १९७८ साली ते रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी नाना आकृत्या जोडल्या. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे हेच काम केले.

आता कृती. यान निमुळतेच हवे असे नाही. अवकाशात हवा नाही, मग ती कापायची कशाला? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेला आपला विक्रम म्हणजे चार पायांची पेटीच. तेव्हा पुठ्ठ्याचे एक खोके घ्या. काड्यांचे चार पाय करा, जोडाला व्हॉल्व्हची नळी वापरा. टॉर्चची चकचकीत वाटी खाली लावा, ते इंजिन. टोपणांच्या टाक्या करा. तुकडे आधी मांडून पाहा, मगच चिकटवा. दाराला लावून उरलेला रंग मोठ्या माणसाने द्यावा.

मात्र एक गोष्ट आयाबायांनी ध्यानात ठेवावी. फवारणीच्या औषधाची बाटली, टोपण, मापाचे झाकण, पंपाचा नोझल, यांतले काहीही या डब्यात नको. धुतलेले असले तरी नको. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषाचा वास उडतो, पण अंश राहतो. आणि पोर हातातला तुकडा सहज दातात धरते. औषधाचे रिकामे डबे भोके पाडून निकामी करा आणि पोरांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. टॉर्चमधले गळके सेलही आधी काढा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैलाच्या गाडीवर हे यान ठेवून मिरवू द्या. कोणी हसले तर सांगा, १९८१ साली आपला ‘ॲपल’ उपग्रहही चाचणीसाठी बैलगाडीवरच ठेवला होता. धातूच्या गाडीचा अडथळा नको म्हणून!