शिंके तुटले, दोष कुणाचा?

मराठी म्हणींचे स्वयंपाकघर उघडून पाहावे, तर तेथे दोन प्राणी हमखास ठाण मांडून बसलेले दिसतात. एक मांजर आणि दुसरे कुत्रे. शिंक्याचे तुटते आणि बोक्याचे पटते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. मांजर डोळे मिटून दूध पिते. वरवर पाहता या म्हणींत प्राण्यांची बदनामी आहे असे वाटेल. पण जरा थांबून विचार केला, तर आपले पूर्वज न्यायाला फार पक्के होते असेच म्हणावे लागते. बोक्याने शिंके तोडले, असे म्हण सांगत नाही. शिंके तुटले, त्याचे फावले, एवढेच ती सांगते. पीठ खाणाऱ्या कुत्र्याला तर म्हणीत कुणी चोरसुद्धा म्हटलेले नाही. तेथे प्रश्न विचारला आहे तो दळणाऱ्याच्या नजरेबद्दल.

आजच्या घरांतून हा न्याय हरवत चालला आहे, आणि त्याची किंमत मुक्या जनावराला मोजावी लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आमचे जुने घर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात. कापूस वेचून आला, की भाव मिळेपर्यंत तो घरातच एका खोलीत रचलेला असे. सरकीच्या वासाने उंदीर येत, आणि उंदरांसाठी मांजर. म्हणजे मांजर लाडाने नव्हे, कामावर ठेवलेले होते. कुत्र्याची हद्द ओसरीपर्यंत. त्याला दोन वेळा चतकोर भाकर आणि उरलेसुरले. दूध तापवून निवले, की ते जाळीच्या कपाटात जाई. त्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. दह्यालोण्याचे मडके शिंक्यावर. रात्री उरलेल्या पातेल्यावर टोपली उपडी घालून वर वरवंटा ठेवत. त्या घरात प्राण्यांना कुणी शिस्त लावल्याचे मला आठवत नाही. शिस्त होती ती वस्तूंना.

आता चित्र पालटले आहे. शिंके केवळ म्हणीत उरले, जाळीचे कपाट भंगारवाल्याने नेले. फ्रीज आला, म्हणजे सारे आले असे आपण धरून चाललो. ओटा आणि जेवणाचे टेबल एकाच मोकळ्या खोलीत आले. ओसरीवरचे कुत्रे सोफ्याजवळ आले. आणि आले ते बरेच झाले, घराला त्याचा लळा लागला. पण याच सुमारास स्वयंपाकघरात आणखी एक पाहुणा शिरला आहे, तो म्हणजे परदेशी गोडधोड.

आपल्याकडे केक नवा नाही. १९८०-९० च्या दशकांत कुकरमध्ये वाळू किंवा मीठ तापवून, नाहीतर त्या गोल अॅल्युमिनियमच्या, झाकणाला काच असलेल्या ओव्हनमध्ये, घरोघरी केक भाजले जात. पण तो कोरडा केक. निवला की डब्यात. हल्ली मुली जो करतात तो ‘त्रेस लेचेस’. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ तीन दुधे. हा लॅटिन अमेरिकेतला पदार्थ. तो आमचाच, असे मेक्सिको म्हणते आणि निकाराग्वाही म्हणते. आपल्याकडे पुरणपोळीवरून जिल्ह्याजिल्ह्यांत होतो तसाच हा प्रेमळ तंटा. तळाशी हलका स्पंजचा केक. त्याला काट्याने भोके पाडायची. त्यावर डब्यातले गोड आटीव दूध, बिनसाखरेचे आटवलेले दूध आणि साय किंवा क्रीम यांचे मिश्रण ओतायचे. ते रात्रभर मुरले, की वर फेटलेल्या क्रीमचा थर. आपल्याकडच्या बेकऱ्यांनी त्यालाच केशर-वेलची लावून ‘रसमलाई केक’ केले. या पदार्थाचा जीव आहे डब्यातल्या दुधात. अमेरिकेत गेल बोर्डेन यांनी दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५६ साली घेतले, आणि ज्या प्रदेशांत ताजे दूध टिकणे कठीण, तेथे हा डबा वरदान ठरला. त्याचा दुसरा चुलतभाऊ आपल्या शेजारी गोव्यात आहे, तो म्हणजे पोर्तुगीज वळणाचा बेबिंका. नारळाचे दूध, अंड्यातले पिवळे बलक, मैदा, साखर, तूप आणि जायफळ. एक थर भाजून झाला, की त्यावर दुसरा ओतायचा, असे सात किंवा त्याहून अधिक थर. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

या थरांच्या पदार्थांचा एक समान गुण वाचकांनी ध्यानात घ्यावा. यांना वेळ लागतो. बेबिंकापाशी तासन्‌तास बसावे लागते. तीन दुधांच्या केकमध्ये तर दूध ओतण्याआधी केक पूर्ण निवावा लागतो, म्हणजे तासभर तो उघडा आणि फ्रीजबाहेर. जुन्या घरात या तासाला शिंके होते. नव्या घरात हा तास बेवारस आहे.

त्याच तासात गेल्या मे महिन्यात आमच्या घरी जे घडले, ते सांगतो. पुण्याहून नात सुटीला आली होती. यवतमाळचा उन्हाळा, पारा ४४ अंशांच्या वर. संध्याकाळी पाहुणे यायचे म्हणून तिने सकाळपासून खटपट करून केक भाजला आणि टेबलावर निवत ठेवला. शेजारी दुधाचा फोडलेला डबा, आणि सजावटीसाठी वाटीत मोजून काढलेले बेदाणे. फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, तशी सगळी मंडळी बाहेर धावली. चारच मिनिटे. आमचा वाघ्या, बारा किलोचा गावरान कुत्रा, तेवढ्यात आत गेला आणि टेबलक्लॉथचे लोंबते टोक धरून त्याने ओढले. केक जमिनीवर, डबा कोचाखाली, आणि बेदाणे खोलीभर.

मग जे होते तेच झाले. नात रडकुंडीला आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कुत्रं घरात घेतलं की हे असंच व्हायचं.” आमच्या सौ.नी केरसुणी उगारली. वाघ्या कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसला. पाहुण्यांपैकी एकजण कौतुकाने म्हणाले, “बघा, त्याला कळतंय, आपण काय केलं ते!”

कळत नसते. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमका याचाच शोध घेतला. मालकाने मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याची खरीखोटी माहिती मालकांना देऊन त्यांनी कुत्र्यांची वागणूक टिपली. तेव्हा असे दिसले, की तो अपराधी चेहरा खाऊ खाण्याशी जोडलेला नसतो, रागावण्याशी जोडलेला असतो. ज्याने काहीच खाल्ले नव्हते, तो कुत्राही मालक रागावताच तसाच चेहरा करी. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ती भीती असते. पाच मिनिटांनी पडलेल्या केरसुणीतून कुत्रा ‘टेबलावरचे ओढू नये’ हे शिकत नाही. बाहेरून माणसे आत आली की मार बसतो, एवढेच शिकतो.

आमच्याकडे पहिले शहाणपणाचे वाक्य नातीनेच उच्चारले. डोळे पुसत ती म्हणाली, “आजोबा, केक जाऊ दे. बेदाणे किती खाल्ले त्यानं?”

सारे घर मग गुडघ्यांवर बसून बेदाणे गोळा करू लागले. पुन्हा मोजले, तर पाच-सहा कमी भरले. फोनवर पशुवैद्यांनी कुत्र्याचे वजन, बेदाण्यांची संख्या आणि झालेला वेळ विचारला आणि ताबडतोब घेऊन या, म्हणाले. त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली आणि दोन दिवस लघवीवर लक्ष ठेवायला सांगितले. बेदाणे पडले. गोड दुधाने बिघडलेले पोट मात्र दोन दिवस चालले. पाहुण्यांनी उरलेल्या दुधाची बासुंदी आनंदाने खाल्ली.

एवढ्याशा बेदाण्यांचा एवढा बाऊ का, असे पुष्कळांना वाटेल. पण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालेल याचे खात्रीचे प्रमाण नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, एखादा थोडक्यात दगावतो. अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली या विषामागे टार्टारिक आम्ल असावे, असे मांडले. हे आम्ल चिंचेत भरपूर असते, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदीही पुढे आल्या. तेव्हा वऱ्हाडी स्वयंपाकघरातल्या चिंचेच्या बरणीलाही झाकण हवे.

कोको आणि चॉकलेटमधले थिओब्रोमिन आपण सहज पचवतो; कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडते. दहा किलोच्या कुत्र्याने दोन मोठे चमचे कोको पावडर चाटली, तर तेवढ्यानेही त्रास सुरू होऊ शकतो. चॉकलेट जितके काळे आणि कडू, तितके ते वाईट. साखरेऐवजी काही पदार्थांत झायलिटॉल वापरतात. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि मांजराला तो अधिकच बाधतो. आणि ज्या दुधावरून मांजराची एवढी ख्याती, ते दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना नीट पचत नाही. आईचे दूध सुटले, की दुग्धशर्करा पचवण्याची ताकद कमी होत जाते. डब्यातल्या गोड दुधात तर निम्म्याहून जास्त वजन साखरेचेच असते.

ही सारी माहिती आपल्या आजीला नव्हती, आणि तिला तिची गरजही नव्हती. तिच्या ओट्यावर कोको नव्हता आणि बेदाणे डब्यात बंद होते. पदार्थ नवे आले, त्यांचे धोके नवे आले, आणि नेमकी त्याच काळात शिंकी गेली.

येथे कुणी म्हणेल, की ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी दोन वेळच्या भाजीची चिंता, तेथे कुत्र्याच्या बेदाण्यांवर लेख लिहिणे ही चैन आहे. मला तसे वाटत नाही. हे शहाणपण मुळात शेतकऱ्याचेच आहे. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. बैल तशा धुऱ्यात शिरला आणि फुगून पडला, तर कुणी बैलाला चोर म्हणत नाही. कुंपण कुणी उघडे टाकले, असे विचारतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकून त्याला उद्याच्या जेवणाचे आवतन देणारा हा मुलूख आहे. जनावराला काय चालते आणि काय चालत नाही, याचे भान गोठ्यात आहे. ते स्वयंपाकघरात आणायचे, एवढेच काम आहे.

संत नामदेवांच्या भाकरीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी खाऊ नकोस, म्हणाले. या गोष्टीतली करुणा थोर खरीच. मला त्यातली आणखी एक बाब भावते. भाकरी गेली, याचा विचार नामदेवांनी केलाच नाही. भाकरी खाणाऱ्याचे काय होईल, याचा केला. आज तीन दुधांचा केक पळवणाऱ्यामागे तुपाची वाटी घेऊन धावायचे नाही, पशुवैद्याचा नंबर घेऊन धावायचे, भाव तोच.

म्हणून काही साध्या सूचना. केक निवायला ठेवायचा, तर दार बंद होणाऱ्या खोलीत, किंवा कपाटातल्या उंच फळीवर जाळीखाली. टेबलक्लॉथ लोंबता ठेवू नये. सजावटीचे सामान लागेल तेव्हाच डब्यातून काढावे. वेष्टने आणि रिकामे डबे उघड्या टोपलीत टाकू नयेत. डब्याची कड जीभ कापते. प्राण्याने काही खाल्लेच, तर आधी काय, किती आणि केव्हा, हे पाहावे. रागवायला पुढे आयुष्य आहे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा उपाय करू नये, त्यानेच जनावर दगावू शकते. माणसांच्या गोळ्याही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी असते. जवळच्या पशुवैद्याचा फोन नंबर फ्रीजच्या दारावर आजच चिकटवावा. रविवारी रात्री शोधायला लागू नये.

आणि घरात गोडाचा घाट घातला असेल त्या दिवशी कुत्र्या-मांजराला त्यांचे जेवण जरा आधी वाढावे. पोट भरलेले जनावर ओट्याकडे कमी बघते. सणाच्या दिवशी नैवेद्याआधी गाईचा घास काढून ठेवणाऱ्या घरांना ही गोष्ट अवघड जायचे काही कारण नाही.