पाळणाघरांची छाट

निपाणी म्हटलं की १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं, शरद जोशी आठवतात, महामार्ग अडवून बसलेले शेतकरी आठवतात. त्याच गावच्या वखारींत खकाण्यात राबणाऱ्या बायका बाहेरच्यांना तेवढ्या ठाऊक नाहीत. 'युगांतर' या गटाने १९८२ साली त्यांच्या कामावर आणि संघटनेवर माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचे चेहरे पडद्यावर राहिले. या बायका कामावर जात तेव्हा त्यांची तान्ही पोरं कुणाकडे असत, याची नोंद मात्र कुठल्या दप्तरात शोधायला जाऊ नये. असायची ती शेजारच्या घरात, हातपाय थकल्यामुळे वखार सोडलेल्या एखाद्या मावशीकडे, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा त्यात बुडायची, ते वेगळंच.

चित्र आज थोडं बदललंय. निपाणीच्या बायका सकाळी कागलच्या औद्योगिक वसाहतीकडे जातात. बेळगावात उद्यमबाग आणि मच्छ्याचे कारखाने आहेत, शहापूर-वडगावचे माग आहेत, दवाखाने, बँका, शाळा आहेत. या सगळ्या बायकांच्या मागे कुणी ना कुणी मूल सांभाळणारं असतं आणि पुष्कळदा ती गल्लीतलीच एखादी अक्का असते. तिच्या दारावर पाटी असेलच असं नाही. दोन खोल्या, आढ्याच्या कडीला बांधलेली लुगड्याची झोळी, कोपऱ्यात चटई, तीन-चार पोरं आणि त्यांच्या नावाच्या दूधबाटल्या. सरकारच्या हिशोबात ही बाई नाहीच. केंद्राच्या कायद्यांत घरगुती पाळणाघर असा वेगळा वर्गच केलेला नाही.

तर या बायकांना शिस्त लावा, अशी मागणी अधूनमधून जोर धरते. कुठल्याशा शहरात पाळणाघरात मुलाला मारल्याची बातमी आली की हमखास. मागणी करणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नोंदणी सक्तीची करा, परवाना ठेवा, सीसीटीव्ही लावा, शिकलेली बाई असल्याशिवाय परवानगी देऊ नका, महिन्याला तपासणी करा, ज्यांना झेपत नाही त्यांनी बंद करावं. लेकरांच्या बाबतीत तडजोड नको.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. म्हणूनच ते एकेक करून तपासलं पाहिजे.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयानं अमानुष मारलं. ती चित्रफीत घरोघरी पाहिली गेली आणि महाराष्ट्रात पाळणाघरांच्या नियमांची चर्चा पेटली. त्या गदारोळात एक साधी गोष्ट निसटली. ती चित्रफीत त्याच पाळणाघराच्या कॅमेऱ्यातली होती! म्हणजे कॅमेरा होता, चालू होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं. मुलीच्या अंगावरची दुखापत आईबापांच्या ध्यानात आली, ते डॉक्टरकडे आणि पोलिसांकडे गेले, मग कुणीतरी चित्रण उघडून पाहिलं. कॅमेऱ्यानं पुरावा दिला, हे खरंच. मार काही थांबवला नाही. तो थांबवायला त्या वेळी खोलीत दुसरं मोठं माणूस हवं होतं.

आता 'नियमाप्रमाणे' म्हणजे कशाप्रमाणे ते पाहू. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. त्यासाठी केंद्रानं २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका, त्यापुढच्या वीस मुलांमागे एक, मदतनीस वेगळी, असं त्यातलं प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला एकटीनं साधारणपणे आठ वर्षांखालची सहाच मुलं ठेवता येतात. त्यातली पाच वर्षांखालची तीन आणि वर्षाच्या आतलं एक. मदतनीस धरली तरी आपल्या कागदावर पाच तान्ह्यांमागे एक माणूस पडतं. चार पोरं सांभाळणारी गल्लीतली अक्का या कसोटीवर सरकारी नमुन्याच्या पुढे आहे. तरीही तपासणीच्या तक्त्यात ती नापास होणार, कारण तिच्याकडे वेगळी खोली नाही आणि प्रमाणपत्र नाही. बाई किती पोरांना पुरी पडते, हा प्रश्न तक्त्याच्या तळाशी आणि भिंतीचा प्रश्न वरती, अशी ही उलटी उतरंड आहे.

तपासणीनं सांभाळ सुधारतो, या समजुतीची परीक्षा आपल्याकडे कधीच होऊन गेली आहे. अंगणवाडीत जाऊन पाहावं. २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं. हजेरी, वजन, उंची, आहार, सगळं फोनवर भरायचं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा ओळखण्याची सक्ती झाली. बाळंतीण दारात उभी राहते, टीचर तिच्यासमोर फोन धरते, तिला डोळ्यांची उघडझाप करायला सांगते. आधी आधारची जुळणी हवी, तिचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो आणि नवरा गेलेला असतो गोव्याला कामावर. उजेड कमी पडला, रेंज गेली, की पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्या वेळात आतली पोरं मदतनीस बाईच्या हवाली. आणि ज्या टीचरवर हा सगळा डोळा ठेवलाय तिच्या मानधनातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ मध्ये ४,५०० रुपये ठरला, तो वर्षानुवर्षं तिथंच थांबला. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं, तेव्हा कुठे त्या 'कामगार' असल्याची आठवण झाली. सरकारच्याच बाईची ही गत, तर बिनसरकारी अक्काची काय होईल?

सीमाभागात यावर भाषेचा आणखी एक थर चढतो. परिपत्रक कानडीत, नमुना कानडीत. मूल सांभाळणारी मावशी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. ती अंगठा उठवते किंवा सही करते. कशावर, ते तिला वाचता येत नाही. पंधरा ते वीस टक्के भाषिक अल्पसंख्य असलेल्या तालुक्यात, नगरपालिकेत महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही काढावेत, हे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनापासून मान्य झालेलं धोरण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी माणसं किती, हे सांगायला नको. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. न वाचता आलेल्या नियमाबद्दल दंड घेणं मात्र कुठल्याच राज्यात न्याय ठरत नाही.

विलायतेचा दाखला द्यायची आपल्याला हौस आहे, म्हणून तिथलंही पाहू. तिथं २००१ पासून घरगुती बालसंगोपनाची तपासणी 'ऑफस्टेड' या राष्ट्रीय यंत्रणेकडे गेली. २००९ मध्ये या यंत्रणेनं बकिंगहॅमशरच्या दोन पोलीस मैत्रिणींना गाठलं. त्या आळीपाळीनं एकमेकींची मुलं सांभाळत. हे नोंदणीविना चालवलेलं बालसंगोपन ठरतं, असं त्यांना सांगण्यात आलं. बोभाटा झाला, मंत्र्यांना लक्ष घालावं लागलं आणि अशा परस्परांच्या मदतीला मोकळीक मिळाली. घरगुती सांभाळ करणाऱ्या नोंदणीकृत व्यक्ती इंग्लंडमध्ये २०१२ साली छप्पन हजारांच्या आसपास होत्या. २०२४ पर्यंत त्या निम्म्याहून कमी उरल्या. दोष एकट्या तपासणीचा नाही, कमाई परवडत नाही हेही मोठं कारण. पण कागदपत्रांचा जाच हे कारण तिथल्या बायका पुन्हा पुन्हा सांगत आल्या आहेत.

निपाणीच्या बाईला हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. तपासणी म्हणजे काय, हे तिला बिडीनं शिकवलंय. घरी पानं नि तंबाखू आणून बिड्या वळायच्या, बांधून नेऊन द्यायच्या, तिथं कारखान्याचा माणूस त्यातल्या काही 'छाट' म्हणून काढतो. छाट काढलेल्या बिडीची मजुरी कापली जाते. वळणं कुठं चुकलं, पान खराब आलं होतं की हात कमी पडला, हे सांगायला कुणी थांबत नाही. पाळणाघरांची तपासणी या धर्तीवर आली तर काय होईल? नोंद करायला कुणी पुढे यायचं नाही. दार लावून घेतील, पोरं आतच राहतील, फक्त बाहेरून दिसायची बंद होतील.

इथं दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतील. ते म्हणतात, मग कशाला हवेत नियम? शेजारधर्म आहे, आपली माणसं आहेत, आपल्या आज्यांनी काय परवाना काढून नातवंडं सांभाळली? हेही टिकत नाही. आजी पैसे घेत नव्हती आणि परक्याची चार मुलं एकदम सांभाळत नव्हती. शिवाय विश्वासानं विहिरीला कठडा बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांत बुडून मरण्याचं प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्वाधिक दिसतं. पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा येणाऱ्या गावांत घरोघरी हौद आणि जमिनीतल्या टाक्या असतात. त्यांवर झाकण आहे का? बिडी वळणाऱ्या घरात सूप मांडीवर, कात्री हाताशी आणि तंबाखूची भुकटी हवेत. त्याच खोलीत रांगणारं पोर आहे का? चूल, उकळतं पाणी, उघडा जिना, रस्त्याकडे उघडणारं दार. हे पाहायला कुणीतरी यायलाच हवं. तेव्हा तपासणी हवीच, वाद आहे तो कुणी, काय आणि कशासाठी पाहायचं याचा.

याचं उत्तर हवेतलं नाही. बांगलादेशात 'आँचल' नावाची केंद्रं चालतात. एक ते पाच वर्षांची वीस-पंचवीस मुलं, घरातली कामाची माणसं गुंतलेली असतात त्या सकाळच्या वेळात, गावातल्याच एका प्रशिक्षित बाईच्या घरी. जोडीला एक मदतनीस आणि वरचेवर येणारी, शिकवणारी देखरेखीची माणसं. तिथल्या अभ्यासांत अशा केंद्रांतल्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. घर तेच, बाई तीच. बदल झाला तो प्रशिक्षणाचा, जोडीदाराचा आणि मदतीला येणाऱ्या माणसाचा. आपल्याकडे तरी वेगळं काय घडलं होतं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला काम करू लागल्या तेव्हा पोरं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली. भिंत नसल्याबद्दल तेव्हा कुणी अंगणाला नापास केलं असतं, तर अंगणवाडीची कल्पनाच रुजली नसती.

मग सरकारनं स्वतः पाळणाघरं काढावीत की, असं कुणी म्हणेल. काढावीत, जरूर. पण त्या भरवशावर घरगुती पाळणाघरं मोडीत काढू नयेत. केंद्राच्या पाळणाघर योजनेत २०१५ च्या सुमारास तेवीस हजारांच्या आसपास पाळणाघरं होती. निधीची पद्धत बदलली, अनुदान रखडलं आणि २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आत आली. नवी 'पाळणा' योजना देशभरात १७,००० अंगणवाडी-पाळणाघरांचं उद्दिष्ट धरते. अंगणवाड्या आहेत चौदा लाखांच्या घरात. कर्नाटकानं २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ४,००० ग्रामपंचायतींसाठी 'कूसिन मने' जाहीर केली, ही चांगलीच गोष्ट. पण सांभाळणाऱ्या बायकांना पैसे द्यायचे ते रोजगार हमीच्या मजुरीतून आणि त्या मजुरीला तेव्हा घरामागे वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा होती. म्हणून बायका आळीपाळीनं बदलत ठेवाव्या लागल्या. तान्ह्या मुलाला रोज नवा चेहरा देणारी ही पद्धत कुठल्या बालतज्ज्ञानं सुचवली असेल, देव जाणे.

आणि कायद्याचा बडगाच उगारायचा असेल तर तो आधी जिथं पडायला हवा तिथं पडू दे. बिडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यातच ठरावीक संख्येहून जास्त बायका असलेल्या जागेत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती होती. काम घरोघर वाटून दिल्यावर कारखान्याच्या जागेत बायकाच उरल्या नाहीत आणि खोलीही उरली नाही. नव्या श्रमसंहितांनी जुने कायदे पोटात घेतले, तरी पन्नासाची अट आहेच. उद्यमबागेतल्या छोट्या युनिटांना ती लागूच होत नाही. ज्या मोठ्यांना लागू होते, त्यांचं पाळणाघर कागदावर आहे की खरोखर, हे पाहायला किती अधिकारी जातात? मालक सुटतो आणि त्याची जबाबदारी दोन खोल्यांत उचलणारी बाई पकडली जाते, हा उफराटा न्याय आहे.

करायचं ते अवघड नाही. नोंदणी एका पानाची, फुकट, मराठी आणि कानडी दोन्हींत. एका बाईकडे किती मुलं आणि त्यांत तान्ही किती, याची कडक मर्यादा. त्यात सूट नाही. मुलं वाढली तर दुसरी बाई सक्तीची. पहिली भेट दंडाच्या पुस्तकाशिवाय: हौदाचं झाकण, जिन्याला फळी, विस्तवाची जागा, गुदमरलेल्या मुलाला काय करायचं ते दाखवणं. झाकणाला पैसे नसतील तर ते पंचायतीनं किंवा नगरपालिकेनं द्यावं. मारहाणीची तक्रार आली तर मात्र भेट नाही, थेट पोलीस. हे काम अंगणवाडीच्या सुपरवायझरकडे द्यायचं तर तिच्या हातातलं निम्मं फोनचं काम आधी काढून घ्यावं. बेळगाव महापालिकेनं आणि निपाणी नगरपालिकेनं एकेका प्रभागात वर्षभर हे करून पाहावं.

ज्यांची मुलं आज अशा घरांत आहेत त्या आईबापांनी ही मागणी महिला व बालविकास खात्याकडे लेखी करावी. अर्ज मराठीत दिला तरी चालतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं तो हक्क दिलेला आहे.