कमरा आणि कॅमेरा

गणपतीच्या सुट्टीत आईला घेऊन पनवेलला मामाकडे गेलो होतो. मामाचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडायचा ठरला आहे. व्यवहार चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण सामानाची आवराआवर चालली असताना आई मात्र बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसली आणि मला म्हणाली, "अरे, दार लोटून घे. खिडकीही लाव."

खोलीत काळोख झाला. खिडकीच्या फळीतली एक गाठ कधीकाळी निखळली आहे. तिथे वाटाण्याएवढे भोक. डोळे अंधाराला सरावले तसा समोरच्या चुन्याच्या भिंतीवर बाहेरचा उन्हातला रस्ता उमटला. माणसे खाली डोके, वर पाय अशी चालली होती. एक रिक्षा तर चाके वर करून मोठ्या ऐटीत गेली.

"तुझ्या वेळी सव्वा महिना मी इथेच होते," आई म्हणाली. "वाचायचे नाही, वाऱ्याला जायचे नाही. हाच आमचा सिनेमा. बाराव्याला तुझे बाबा आले ते मला आधी या भिंतीवर दिसले. उलटे! पण चालीवरून ओळखले हो."

आम्हा मराठीच्या मास्तरांना शब्दांची भारी खोड. लॅटिनमध्ये 'कॅमेरा' म्हणजे खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे नाव केप्लर या ज्योतिर्विदाने १६०४ मध्ये वापरले. आपला 'कमरा'ही पोर्तुगिजांच्या मार्फत त्याच घराण्यातून आला, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे आमच्या मातोश्री सव्वा महिना चक्क कॅमेऱ्यात बसल्या होत्या!

यात जादू काही नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे बारीक भोकातून माडाच्या शेंड्याकडचा किरण भिंतीवर खाली पोचतो आणि बुंध्याकडचा वर. ग्रहणातल्या सूर्याची कोर अशी उलटी का पडते, याचा विचार इब्न अल्-हैथम या विद्वानाने अकराव्या शतकातच केला होता. पुढे चित्रकारांनी खोलीची पेटी केली, भोकाला भिंग बसवले आणि पडलेले चित्र ते कागदावर गिरवू लागले.

गंमत अशी की, चित्र दिसत होते शतकानुशतके. ते टिकत नव्हते. फ्रान्समधल्या निसेफोर न्येप्सने १८२६-२७ च्या सुमारास डांबराच्या जातीचा एक पदार्थ धातूच्या पत्र्यावर सारवला आणि खिडकीबाहेरचे दृश्य त्यावर धरून ठेवले. त्याला निदान आठ तास लागले. काहींच्या मते कित्येक दिवस. १८३९ मध्ये दागेरची चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरची कृती जगजाहीर झाली. पण तिच्यातून एकच प्रत निघे. इंग्लंडच्या टॅल्बटने कागदावर उलट्या छायेची 'निगेटिव्ह' तयार केली, आणि एका चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघू लागल्या.

आपण फार मागे नव्हतो. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार.

हे सारे मी आईला उत्साहाने सांगत होतो. ती भिंतीकडे पाहत होती. बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. माझ्या बारशाचा एकही फोटो घरात नाही. तेव्हा कुणाजवळ कॅमेरा नव्हता. आणि हा जो होता, त्याला चित्र धरून ठेवता येत नव्हते.

मी खिशातून मोबाइल काढला आणि भिंतीचा फोटो घेतला. जरा अंधुक आला, पण आला. आईने चष्मा पुसून पाहिला. तिला नीट दिसावे म्हणून मी फोन फिरवून माणसे सरळ केली.

"छे रे!" ती म्हणाली. "हा आता नुसता रस्ता झाला. उलटाच राहू दे."