सिगार, अडकित्ता आणि रसग्रहण

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून गेली अठरा वर्षे आम्ही शिकवीत आहोत. दोघांनीही पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि गेल्या दिवाळीच्या सुटीपर्यंत दोघांपैकी कोणीही विडी, सिगारेट, हुक्का यांपैकी कशालाही ओठ लावलेला नव्हता. यात व्रतस्थपणाचा आव नव्हता. एकाच्या घरी वारकरी वातावरण होते. दुसऱ्याने लहानपणी तंबाखू इतकी जवळून पाहिली होती, की तिच्याविषयी कुतूहल म्हणून उरलेच नव्हते. (या दुसऱ्याच्या आत्याविषयी पुढे लिहायचे आहे.)

आमचा एक जुना विद्यार्थी प्रवासी जहाजावर नोकरी करतो. कवितेच्या तासाला तो नेमाने झोपत असे. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, त्याचे आमच्यावर प्रेम आहे. सुटीत भेटायला आला तेव्हा त्याने दोन रुपेरी नळ्या टेबलावर ठेवल्या. ‘सर, हवानाहून आणल्यात. गुरुदक्षिणा समजा.’ नळ्यांवर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे स्पॅनिश नाव छापलेले होते. सिगारीला शेक्सपिअरच्या नाटकाचे नाव, म्हणजे ही वस्तू आमच्याच विषयातली, असे आम्ही स्वतःला पटवून दिले. सोबत एक घडीपत्रक होते. त्याकडे नंतर वळू.

मराठीच्या माणसांना काही करायचे नसले, की ती व्युत्पत्तीला हात घालतात. आम्हीही आठवडाभर तेच केले. ‘चिरूट’ हा आपल्या जुन्या लेखनातल्या साहेबाच्या तोंडी कायमचा बसलेला शब्द तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून, म्हणजे ‘गुंडाळी’वरून आला. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्या जिभांवरून तो जगभर फिरला. त्रिचनापल्लीचा चिरूट एवढा प्रसिद्ध होता, की १८८७ साली शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो नुसत्या राखेवरून ओळखला जातो. हे सगळे आम्हांला ठाऊक होते किंवा शोधता आले. सिगारीचे कोणते टोक कापायचे, हे मात्र ठाऊक नव्हते.

ती पेटवावी की नाही यावरही वाद झाला. वारकरी घरातला म्हणाला, की तंबाखूने काय होते हे लिहून ठेवलेले आहे, अनुभव घेण्याची गरज काय? दुसऱ्याने त्याला असद बेगची गोष्ट ऐकवली. १६०४ च्या सुमारास हा सरदार विजापूरच्या आदिलशाहीतून आग्र्याला परतला तो तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन. अकबराने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. त्याचे म्हणणे असे, की आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत या द्रव्याचा उल्लेख नाही. तेव्हा बादशहाने ते घेऊ नये. असद बेगने उलट विचारले, की जगातली कोणती रीत एके काळी नवी नव्हती? अकबराला त्याचा युक्तिवाद आवडला. केवळ आपल्या ग्रंथांत नाही म्हणून एखादी गोष्ट टाकून देऊ नये, असा त्याने निवाडा दिला. गंमत म्हणजे निवाडा देऊन स्वतः मात्र ती सवय लावून घेतली नाही. दरबाराला लागली, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगीराला बंदीचे फर्मान काढावे लागले. त्याचा काय उपयोग झाला ते प्रत्येक पानटपरीवर दिसते. ग्रंथप्रामाण्याचा कैवार घेणारा हकीम या एका प्रकरणात बरोबर होता, ही गोष्ट आम्हां अनुभववाद्यांना आजही थोडी अडचणीची वाटते.

असो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून बंदी आहे आणि महाविद्यालयाचे आवार तर मनात आणणेही शक्य नव्हते. म्हणून एका संध्याकाळी आमच्यापैकी एकाच्या घराच्या गच्चीवर आम्ही बसलो. सिगार कापायला आजीचा अडकित्ता घेतला. सुपारी कातरायची त्याला सवय. त्याने बाहेरचे पान असे चेपले, की ते उलगडू लागले. त्यामुळे सिगारीची रचना मात्र दिसली. आत लांब पानांचे भरण, त्याला बांधून ठेवणारे एक जाड पान आणि सर्वांवर आवरणाचे तलम पान. हे सगळे हाताने वळलेले. एवढ्या कौशल्याने केलेली वस्तू जाळण्यासाठी असते, याचे क्षणभर वाईट वाटले.

धूर आत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडून द्यायचा, असे विद्यार्थ्याने बजावले होते. आम्ही तसेच केले. पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही. तोंडात जळक्या पाल्याची चव, डोळ्यांत पाणी. मग घडीपत्रक उलगडले. त्यात सिगारीचे तीन भाग पाडून प्रत्येकाचे वर्णन केलेले होते. पहिल्या तृतीयांशात देवदाराचे लाकूड आणि साय, दुसऱ्यात कातडे आणि कोको, अखेरीस ओली माती आणि मिरी. आम्ही प्रामाणिकपणे कातडे शोधले. एकाला कोको सापडल्यासारखा वाटला. नंतर त्याने कबूल केले, की पत्रक वाचण्यापूर्वी तो तिथे नव्हता.

वीस मिनिटांनी दुसरी गोष्ट सुरू झाली. आधी कपाळावर गार घाम, मग तळहात ओले, मग गच्चीचा कठडा हळूहळू डावीकडे सरकू लागला. सिगारीच्या धुराचा गुणधर्म अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, छातीत धूर ओढावा लागत नाही, हे आम्ही नंतर वाचले. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारीत पाच ते वीस ग्रॅम. आत न घेतलेला धूर निरुपद्रवी असतो ही समजूत त्यामुळेच खोटी आहे. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारीनेही होतो. आमच्यापुरता परिणाम तातडीचा होता. एक मोरीकडे धावला. दुसरा फरशीवर आडवा पडून आकाश स्थिर होण्याची वाट पाहत राहिला. सिगारी एकतृतीयांशही जळल्या नव्हत्या. साय आणि देवदार यांच्यापुढे आम्ही गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी विभागात शिरताच एक विचित्र गोष्ट घडली. टेबलावर प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न होता. पहिल्या उत्तरपत्रिकेत ‘कारुण्याची हळुवार छटा’, दुसरीत ‘कारुण्याची हळुवार छटा’, सातवीत ‘कारूण्याची हाळूवार छटा’. आम्ही एकमेकांकडे पाहिले. हे आमचेच घडीपत्रक होते. वर्गात आम्ही ते वाटले होते, मुलांनी कवितेत ती छटा प्रामाणिकपणे शोधली होती, न सापडल्यावर सापडल्याचे लिहिले होते, आणि आम्ही त्याला दहापैकी सात गुण देणार होतो.

आमचे मत मांडायचे आहे ते एवढ्याचसाठी. शाळेपासून आम्ही मुलांना रसग्रहणाचे साचे देतो. दहावीला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे, पुढे बी.ए.ला तेच कप्पे जरा मोठे होतात आणि त्यांना पारिभाषिक नावे मिळतात. ज्याने पुष्कळ कविता वाचल्या आहेत त्याला ‘हळुवार छटा’ या शब्दांनी काही सुचत असेल. ज्याने पहिलीच कविता हातात घेतली आहे त्याला ते शब्द चवीऐवजी मिळतात. एकदा शब्द मिळाले, की चव घेण्याचे कारण उरत नाही. पट्टीचा सिगार ओढणारा ‘कातडे’ म्हणतो तेव्हा तो लबाडी करतो असे आम्ही म्हणत नाही. शंभर सिगारींनंतर जिभेला फरक कळत असेल, आणि तो सांगायला उपमेवाचून साधन नसेल. आमचे म्हणणे असे, की त्याची उपमा नवशिक्याला आधी देऊ नये आणि तिच्यावर परीक्षा तर मुळीच घेऊ नये. यावर कोणी म्हणेल, की मग शिकवायचे काय? हा आक्षेप आम्हांला खरोखरच अडवतो. समीक्षेची परिभाषा आम्ही टाकून देत नाही. तीवरच आमचे पोट आहे. प्रश्न आधी काय आणि मागून काय, एवढाच आहे.

सिगारीच्याच इतिहासात याचे एक उत्तर आम्हांला अवचित सापडले. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना पुस्तक वाचून दाखवणारा वाचक असे. साटुर्निनो मार्टिनेझ नावाच्या, स्वतः सिगार वळणाऱ्या कवीने या प्रथेचा पाठपुरावा केला. सरकारने वर्षभरात तिच्यावर बंदी घातली. ती पुन्हा उगवली. शेकडो माणसे ओळीने बसून मुकाट्याने पाने वळीत आहेत आणि उंच आसनावरून एक जण वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचतो आहे. वाचकाचे वेतन मालक देत नसे; कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत. पुस्तक कोणते, हेही तेच मतदानाने ठरवीत. ड्यूमाची कादंबरी इतकी आवडती होती, की १९३५ मध्ये एका सिगारीला ‘मॉन्टेक्रिस्टो’ हेच नाव मिळाले. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातही ही प्रथा गेली. तिथे १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना हाकलले, कारण ते जहाल मजकूर वाचतात असा संशय होता. कामगार संपावर गेले, पण पुढे वाचकाच्या जागी रेडिओ आला. निलो क्रूझ यांच्या ज्या नाटकाला २००३ चे पुलित्झर मिळाले, त्यात असाच एक वाचक टॅम्पातल्या कामगारांना ‘अ‍ॅना कॅरेनिना’ वाचून दाखवतो. हे फक्त तिकडचे नाही. कण्णूरच्या विडी कामगारांतही एकाने वाचायचे आणि इतरांनी त्याच्या वाटणीच्या विड्या वळून द्यायच्या, अशी रीत होती. त्या श्रोत्यांना कोणी कप्पे दिले नव्हते. ऐकून घरी जाताना ती माणसे आपसांत काय बोलत असतील, हे ऐकायला मिळाले असते तर आम्ही आमची दोन वर्षांची व्याख्याने त्यावरून ओवाळून टाकली असती.

आता आत्या. आमच्यापैकी एकाची आत्या निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. १९८१ च्या शेतकरी आंदोलनाचे आणि गोळीबाराचे निपाणी पुष्कळांना ठाऊक असते. वखारीतल्या बायकांचे निपाणी तितके ठाऊक नसते. १९८२ च्या ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या माहितीपटात ते दिसते. आत्या संध्याकाळी घरी आली, की उंबऱ्यावर डोके धरून बसे. जेवण जात नसे. अंगाला वास येई. भाचरे लांब पळत. घरात या प्रकाराला ‘आत्याचं डोकं’ एवढेच नाव होते. आम्ही ते नाव चाळीस वर्षे वापरले आणि त्याचा अर्थ आम्हांला कळतो असे समजत आलो.

गच्चीवर फरशीवर पडलेला तो हाच भाचा. सुटीतच निपाणीला गेला तेव्हा त्याने आत्याला सगळी हकीकत सांगितली. ती पंचाहत्तरीला आली आहे, दात राहिलेले नाहीत. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, ‘आमी पोटासाठी वकायचो, तू हौसंनं वकलास व्हय रं?’ आणि चहा ठेवायला उठली.

स्वानुभव आणि सहानुभूती यांच्यावरचा आमचा एक तास दरवर्षी ठरलेला आहे. दलित साहित्याच्या संदर्भात तो आम्ही पोटतिडकीने घेतो. वीस मिनिटांच्या भोवळीने आत्याची वीस वर्षे कळली, असे म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. फक्त ‘आत्याचं डोकं’ या दोन शब्दांखाली काहीतरी होते, आणि आम्ही ते नाव घडीपत्रकासारखे वाचीत आलो होतो, एवढे कळले. यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. वारकरी घरातला म्हणतो, की आत्याला नीट विचारले असते तर सिगार न ओढताही हे कळले असते. दुसऱ्याकडे याला उत्तर नाही.

दिवाळीनंतर द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही एक प्रयोग केला. अभ्यासक्रमाबाहेरची तीन पुस्तके टेबलावर ठेवली आणि मतदान घेतले. ‘बनगरवाडी’ला बहुमत मिळाले, कारण ती तिघांत सर्वांत बारीक होती. रोज शेवटचा अर्धा तास आम्ही आळीपाळीने वाचतो. टिपणे नाहीत, प्रश्न नाहीत, व्यंकटेश माडगूळकरांचा परिचयही नाही. विभागप्रमुखांनी दोनदा विचारले आहे, की हे कोणत्या घटकात बसते. पहिल्या दिवशी छत्तीस मुले होती, आता एकोणीस येतात. त्यांतली चारपाच मागच्या बाकांवर मान टाकून असतात. झोपतात की ऐकतात, सांगता येत नाही. गेल्या गुरुवारी वेळ कमी होता म्हणून आम्ही एक पान गाळून पुढे गेलो. मागच्या बाकावरून, मान वर न करता, एक मुलगी म्हणाली, ‘सर, मधलं राहिलं.’ आम्ही मागे जाऊन ते वाचले. दुष्काळ अजून यायचा आहे.