शिरोडा : मिठागरांचे आणि मास्तरांचे गाव

कोल्हापूरकरांना समुद्र फारसा दूर नाही. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरावा, सावंतवाडी मागे टाकावी, की माडांच्या राई दिसू लागतात. सुट्टीत निघालेली बहुतेक कुटुंबे तेथून मालवण किंवा गोवा गाठतात. वेंगुर्ले तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत वसलेला शिरोडा मात्र अनेकदा वाटेतच राहून जातो. या गावाशी कोल्हापूरचे जुने ऋणानुबंध आहेत.

वि. स. खांडेकर 1920 साली, ऐन बाविशीत, येथील शाळेत शिक्षक म्हणून आले. शहराची ओढ, प्रकृतीची तक्रार आणि तुटपुंजे उत्पन्न यांतूनही त्यांनी तब्बल अठरा वर्षे या आडगावाला दिली. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळी लिहावे, असा तो काळ. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या याच वर्षांतल्या. 1938 मध्ये ते कोल्हापुरात स्थायिक झाले आणि पुढे ‘ययाति’कार म्हणून देशाला ज्ञात झाले. शिवाजी विद्यापीठातील त्यांचे स्मृतिसंग्रहालय मुलांना आधी दाखवावे आणि मग शिरोड्याला न्यावे. म्हणजे ज्ञानपीठाच्या सन्मानामागे एका खेड्यातील फळा आणि खडूही होते, हे त्यांना सहज उमगेल.

गावाची दुसरी ओळख मिठागरांची. भरतीचे खारे पाणी आगरात घ्यायचे, उथळ वाफ्यांत पसरायचे आणि उन्हाच्या हवाली करायचे. पाणी आटत जाते, स्फटिक धरतात, मग ते ओढून त्यांच्या राशी केल्या जातात. पावसाळा संपल्यावर आगरांची डागडुजी होते आणि उन्हाळ्यात कामाला वेग येतो. तळपत्या उन्हात अनवाणी राबणारी माणसे पाहिली, की ताटाच्या कडेला वाढलेल्या चिमूटभर मिठाचे मोल वेगळे वाटू लागते. याच मिठागरांवर मे 1930 मध्ये सत्याग्रह झाला. लाठ्या झेलूनही हात न उगारणाऱ्या सत्याग्रहींची ती भूमी आहे. अहिंसा हा केवळ प्रवचनाचा विषय नाही, तिला सोसण्याचे बळ लागते, हे सांगायला याहून चांगली जागा कोणती?

लगतचे आरवली हे जयवंत दळवींचे गाव. तेथील वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि मोठाली पादत्राणे अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्यामुळे ती झिजतात, अशी श्रद्धा आहे. आपल्या श्रद्धेची रीत निराळी असली, तरी गावाने जिव्हाळ्याने जपलेली ही कल्पना आदराने ऐकावी. कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा प्रवास असेल, तर दशावतार अवश्य पाहावा. लिखित संहिता नसताना पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या साथीने कलावंत रात्रभर पुराणकथा उभी करतात आणि संवाद तिथल्या तिथे रचतात.

भोजनाची चिंता नको. घावणे आणि नारळाचा रस, कोकमाचे सार, ओल्या काजूची उसळ असे शाकाहारी पदार्थ येथे घरोघरी होतात. मात्र कांदा-लसूण वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असल्याचे यजमानांना आदल्या दिवशी सांगावे. ऐनवेळी हट्ट धरण्यापेक्षा वेळीच केलेली विनंती दोघांनाही सुखाची ठरते.

सायंकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापाशी, लाटांच्या आवाजाखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. तेथे मोठ्याने गाणी लावू नयेत आणि वेष्टनेही मागे टाकू नयेत. गावाने आपली शांतता आजवर जपली आहे. पाहुण्यानेही ती जपावी.