एक झबले प्रत्येकाने शिवावे

घरात बाळंतपणाची चाहूल लागली की आज्या-मावश्या जुनी मऊ पातळे आणि धोतरे बाजूला काढून ठेवत. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि बारशासाठी खणाची कुंची, असा सगळा बाळंतविडा घरातल्या हातांनी तयार होई. आता तो दुकानातून खोक्यात बांधून येतो. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणाचे काळे झबलेही हलव्याच्या दागिन्यांसकट तयार मिळते, हवे तर भाड्यानेही मिळते. विकत घेण्यात गैर काही नाही. नोकरीधंद्यात गुंतलेल्या आईबापांची ती सोयच आहे. पण या सोयीपोटी एक सोपे, उपयोगी कसब घराघरांतून पुसले जात आहे. शिवाय त्याच्या बदल्यात येणारे कपडे पुष्कळदा बाळाच्या अंगाला मानवत नाहीत. ही गोष्ट आपण फार सहज स्वीकारली आहे.

तान्ह्या बाळांसाठी सजवून मांडलेले कपडे जरा हातात घेऊन पाहावेत. नायलॉनची जाळी, टोचणारी जर, चिकटवलेल्या टिकल्या, पाठीला चेन, मानेशी खरखरीत लेबल. फोटोत हे सगळे छान दिसते, पण ते अंगावर वागवायचे असते बाळाला. त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि काय टोचते आहे हे त्याला सांगता येत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो, कोकणात घाम वाळतच नाही. अशा हवेत घाम न टिपणारे कृत्रिम धाग्याचे कापड घातले की मानेच्या वळ्यांत आणि काखेत घामोळे उठते. मूल का किरकिरते ते कळत नाही आणि दोष मात्र त्याच्या दातांना किंवा दृष्टीला दिला जातो.

याउलट झबले हा शिवायला सर्वांत सोपा कपडा आहे. अर्ध्या मीटर मलमलीत तान्ह्या बाळाचे झबले आरामात होते. नवे सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचे. खळही त्यातच निघून जाते. मग कापड खांद्याच्या रेषेवर एकदा आणि मधोमध उभे एकदा, असे चौपदरी दुमडायचे. घड्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गळ्याचा पाव गोल कापायचा, उघड्या बाजूने काखेचे वळण आणि बगल कापायची. घडी उलगडली की बाह्यांसकट झबले समोर पसरलेले दिसते. खांद्याला शिवण नाही आणि बाही वेगळी जोडायची नाही. पुढचा भाग मधोमध उभा कापून उघडा ठेवायचा, कारण बाळ मान धरेपर्यंत डोक्यावरून कपडा घालणे त्याला आणि घालणाऱ्याला, दोघांनाही जिकिरीचे असते. आता उरल्या दोन बगलांच्या दोन शिलाया, कडांची दुमड आणि गळ्याला तिरपी पट्टी. काखेच्या वळणावर कात्रीने दोन-तीन बारीक खाचा दिल्या की कापड तिथे ओढत नाही.

जाणत्या हातांची खरी समज तर पुढे दिसते. शिलाईचा जाड काठ बाळाला घासू नये म्हणून पहिल्या दिवसांची झबली शिवण बाहेर ठेवून शिवतात. बटण तुटून तोंडात जाऊ शकते म्हणून बटणाऐवजी त्याच कापडाचे बंद लावतात, आणि तेही आखूड, कारण लांब नाडी मानेभोवती गुंतण्याचा धोका असतो. जुन्या पातळाचे कापड निवडण्यामागेही विचार आहे. शेकडो धुण्यांत ते मऊ झालेले असते आणि घाम चटकन टिपते. आईची किंवा आजीची माया त्यात आहेच, पण ती अशी विचारपूर्वक कामाला लावलेली माया आहे. या कामाला यंत्रही लागत नाही. सुई, दोरा, कात्री आणि धावदोऱ्याची सरळ ओळ घालण्याइतका धीर असला की एका दुपारी झबले तयार होते.

खर्चाचा हिशेबही पाहू. निरोगी मुलाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. पन्नास सेंटिमीटरचे बाळ वर्षभरात पंचाहत्तरच्या घरात जाते. महागडा तयार कपडा त्याला दोन-तीन महिन्यांतच तोकडा पडतो. घरी शिवणारा माणूस हे वाढणे आधीच धरून चालतो. फ्रॉकला खाली चार बोटे दुमड ठेवली किंवा दोन आडव्या टक घातल्या की पुढच्या वर्षी त्या उसवून लांबी वाढवता येते. चड्डीचा नेफा थोडा रुंद ठेवला की आतले इलॅस्टिक बदलून ती आणखी एक हंगाम चालते. आजोबांच्या सदऱ्याची पाठ सहसा शाबूत असते, तिच्यातून नातवाचा सदरा निघतो. जुने कपडे कचऱ्यात ढिगाने जात असताना ही काटकसर केवळ गरिबाची गरज राहिलेली नाही. ती आता सगळ्यांची जबाबदारी आहे.

मुलाचा कपडा मुलाच्या अंगावर माप घेऊनच शिवावा लागतो, हे राज्याने नुकतेच मोठ्या प्रमाणावर अनुभवले. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. वाटप रखडले, आखूड-ढगळ मापांच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. दोष शिवणाऱ्या बचतगटांतील महिलांचा नव्हता. कापड लांबून येते आणि मूल नजरेसमोर नसते, तेव्हा कसबी हातही हतबल होतात.

शिवणाचा आग्रह धरला की एक रास्त शंका पुढे येते. पुन्हा बायकांच्याच हाती सुई द्यायची का? मुळीच नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनात स्त्रियांना शिवण शिकवले जाई, ते त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून. पुढे तेच शिवण मुलींच्या शाळांत गृहकृत्य होऊन बसले आणि मुलगे त्यातून वगळले गेले. वास्तविक पिढ्यानपिढ्या गावोगाव शिंपीकाम पुरुषांनीच केले, नामदेव महाराजांचे घराणेही त्याच व्यवसायातले. सुई मुलग्यांच्या हाताला परकी करून टाकली ती आपण. बाळ दोघांचे असेल तर त्याचे झबलेही दोघांना शिवता आले पाहिजे.

यासाठी नवी योजना, नवा निधी, नवा विषय यांतले काहीच नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, ते स्थानिक कारागिरांकडून प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी. त्यातले दोन दिवस सुई-दोऱ्याला द्यावेत. गावातला शिंपी किंवा घरी शिलाईकाम करणारी एखादी ताई शाळेत यावी, तिला त्या दिवसांचे रीतसर मानधन मिळावे आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाने व मुलीने स्वतःच्या हाताने एक झबले शिवावे. माप घेणे, चौपदरी घडीतून पूर्ण आकार ओळखणे, कापड वाया न घालवता कापणे हे सगळे भूमितीच्या तासाला पूरकच आहे. तयार झबली धुऊन, नीट तपासून अंगणवाडीमार्फत गावातल्या नवजात बाळांना द्यावीत. आपण केलेली वस्तू कुणाच्या तरी अंगाला लागणार आहे, हे कळले की तेरा वर्षांचे मूलही टाका जपून घालते.

शाळांनी सरकारी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या मुख्याध्यापकाने आणि शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले तर येत्या सत्रातच हे सुरू होऊ शकते. भात लावणे आणि कुकर उतरवणे जसे प्रत्येकाला यायला हवे, तसेच लहान मुलापुरता एक साधा कपडाही शिवता यायला हवा. पुढच्या पिढीला जी गोष्ट दोन दिवसांत आणि अर्ध्या मीटर कापडात शिकवता येते, ती न शिकवण्यासाठी आपल्यापाशी कोणतीही पटणारी सबब नाही.